फळीचे मागचे टोक

रिहे

प्रिय अनिमेष यांस,

ओळख एवढीशी असताना आपणास पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी. 'प्रिय' हा शब्दही एकदा खोडून पुन्हा लिहिला आहे. मी गौतमी, भिवाजी मिस्त्रींची मुलगी. आमचे लाकूडकापणीचे मशीन दिवाळीपूर्वी आपण ओढ्यापलीकडच्या आपल्या शेडमध्ये नेलेत. माणच्या ऑफिसातून परतताना परवा आपण पुलाशी गाडी थांबवून मशीनच्या तक्रारी सांगितल्यात आणि मी नुसती मान हलवून चालू लागले. समोर बोलणे मला जमत नाही. कागदावर थोडेफार जमते.

लाकडाची कड काळी पडते, जळका वास येतो, असे आपण म्हणालात. पात्यावर सागाचा चीक बसला असावा. आधी प्लग काढावा, मग पाते उतरवून टर्पेंटाइनने पुसावे. तरीही कड जळलीच, तर दोष पट्टीचा, म्हणजे जिला टेकवून आपण फळी पुढे सरकवता तिचा. पात्याच्या एका दाताला खडूची खूण करून पुढच्या बाजूला त्याचे पट्टीपासूनचे अंतर मोजा. मग तोच दात हाताने मागे फिरवून पुन्हा मोजा. मागे अंतर कमी भरले, तर फळी तिथे चेपते आणि जळते. सुरू होताना येणारी किंचाळी मात्र सैल बेल्टची आहे. तिचे भय नको.

भय तिसऱ्या तक्रारीचे आहे. कापून झालेली फळी टेबलामागे पडत नाही, मागून कोणी धरल्यासारखी अधांतरी राहते, असे सांगून आपण हसलात. मला हसू आले नाही.

आमच्याकडे हे काम दोघांचे असे. बाबा फळी पुढे ढकलत आणि आई, चंद्राबाई, पलीकडे उभी राहून मागचे टोक धरी. ओढायचे नाही, फक्त तोलायचे. पूर्वी एकदा तिने टोक लवकर सोडले; फळी वाकडी होऊन पात्यात चेपली आणि उलट उसळून बाबांच्या बरगडीवर बसली. तेव्हापासून नियम झाला. "मी सोड म्हनल्याबिगार सोडायचं न्हाई, चंद्रे. आभाळ पडलं तरी न्हाई." आई तिथेच फणकारली होती, "आन तुमीच म्हनायला इसरलात तर? मी जलमभर हितंच हुबी ऱ्हाऊ व्हय?" बाबा म्हणाले होते, "ऱ्हा की. चा हितंच आणून दीन." लाकडाचा भुसा केसांत घेऊन दोघे कितीतरी वेळ हसत होती.

गेल्या माघात एका दाराची फळी कापताना आई उभ्या उभ्याच खाली बसली. बाबांनी मशीन बंद केले, धावले, तिला हाका मारल्या. ती गेली होती. फळीचे टोक तिच्या बोटांतून एकेक बोट उलगडून सोडवावे लागले. त्या गोंधळात बाबांच्या तोंडून तो एक शब्द आलाच नाही. त्यानंतर त्यांनी बटणाला हात लावला नाही, आणि पुढे मशीन विकले.

परवा आपली तक्रार मी त्यांना जशीच्या तशी सांगितली. पट्टीचे, बेल्टचे त्यांनी ऐकलेही नाही. "पडत न्हाई?" एवढेच विचारले. मग हाताच्या तळव्याकडे पाहत म्हणाले, "माझंच म्हनायचं ऱ्हायलं, गौते. ती हाय अजून तितंच."

अनिमेष, आपण स्वतः 'सोड' म्हणून पाहू नये. तिला बाबांच्या आवाजाची सवय आहे. परका आवाज ऐकून ती गोंधळली आणि टोक अर्धवट सुटले, तर फळी उसळून आपल्यावर येईल. म्हणूनच हे लिहायला बसले. रविवारी बाबांना घेऊन येते, तोवर मशीन लावू नका, एवढेच मागायचे होते. मात्र आता रविवारपर्यंत थांबता येणार नाही. आज गुरुवार, गावात सकाळपासून वीज नाही, आणि तरी या क्षणी ओढ्यापलीकडून पाते फिरल्याचा आवाज येतो आहे. बाबांनीही तो ऐकला. ते चप्पल घालून अंगणात उभे आहेत आणि पुटपुटत तो एकच शब्द म्हणून पाहत आहेत. दर वेळी 'सो'पाशीच थांबतात. आम्ही निघतो आहोत. पत्राचा फोटो पाठवते आहे. आपण घरी असाल, तर शेडचे दार उघडू नका. उघडले असेल, तर टेबलाच्या मागच्या बाजूला उभे राहू नका. ती जागा रिकामी नाही.

आपली,
गौतमी

पाठवले: गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५, दुपारी ४ वाजून १० मिनिटे.