पितळी डोक्यात काय ठेवायचं

अण्णा,

तुम्ही गेल्यावर आता धाकट्याने तुमचं डोकं पितळेत ओतून घेतलं आहे, म्हणून लिहिते आहे. अल मजाजला तो हॉटेल उघडतोय. दाराशी तुम्ही, गळ्यापासून वर, खाली ‘फाउंडर शेफ’. नाक तुमच्यापेक्षा बरं जमलंय. डोकं पोकळ आहे आणि आत ठेवायला त्याला तुमची मसाल्याची वही हवी आहे. कल्पना त्याच्या मुलीची. अबू धाबीच्या म्युझियममध्ये तिने एका संताचं असं धातूचं डोकं पाहिलं. आत त्याच्या कवटीचा तुकडा ठेवत. “आत्या, इट्स कॉल्ड अ शेफ! फ्रेंचमध्ये शेफ मीन्स हेड. सो पर्फेक्ट फॉर आजोबा!” मी म्हटलं, संताच्या डोक्यात निदान हाड तरी होतं.

वही तुमची नाहीच. तुम्हाला दगडफूल आणि नागकेशर समोर ठेवलं तर ओळखता येत नसे. देऱ्याच्या आपल्या जुन्या खोलीत शुक्रवारी तुमची सुट्टी, तुम्ही खाटेवर आडवे, आणि आई सकाळपासून धणे, तीळ, खोबरं भाजते आहे. शनिवारी तो मसाला दुधाच्या पावडरीच्या डब्यातून तुमच्याबरोबर, तुम्ही आचारी होतात त्या हॉटेलात जाई. रस्सा तुम्ही उत्तम करायचात, हे मी नाकारत नाही. म्हणूनच ती चोरी जास्त हलकट वाटते. मी बी.ए.च्या सुट्टीत आले होते तेव्हा मालकाने सगळ्यांच्या घरच्यांना जेवायला बोलावलं. मालक विचारतो, “हबीबी, मसाले में क्या है?” तुम्ही कपाळावर बोट टेकवता. “सब इधर है, सर.” आई शेजारीच उभी, नखांत हळद. मी म्हणाले, “मसाला आईचा–” आणि तुम्ही माझं कोपर दाबलंत. टॅक्सीत म्हणालात, “मला खाली बघायला लावायला शिकवलं तुला?” आई काचेबाहेर बघत होती.

आई आता माझ्याकडे अल रीमला असते. काल धाकटा आला. “ताई, यल्ला, दे ना वही. उद्या डोकं सील करायचंय.”

“अक्षर आईचं आहे. पाटीवर तिचं नाव घाल, मग देते.”

“ताई, ब्रँडिंग झालंय. खलास.”

“मग वहीपण खलास.”

आतून आई म्हणाली, “वही माझी आहे, माझ्यापाशी राहील. त्यांची हॉटेलातली टोपी दे त्याला. पण अशी चुरगळलेली नको.” बावीस वर्षं तिने ती टोपी खळ घालून इस्त्री केली, आणि अजून तिला तीच काळजी! मला तिचाही राग आला. धाकट्याला सांगितलं, टोपी उद्या ने.

आईचे हात थरथरतात. म्हणून तांदळाची खळ मी शिजवली, इस्त्री मी फिरवली. पहिल्यांदा टोपी नीट उभी राहिली नाही, म्हणून परत भिजवली. तुम्हाला लागायची तशी ताठ होईपर्यंत मी ती सोडली नाही. हे पत्र घडी करून तिच्यात घालायचं आणि तुमच्या डोक्यात कायमचं बंद करायचं, असं ठरवलं होतं. घालून पाहिलं. टोपी एका बाजूला कलली. काढून घेतलं.

आज धाकट्याच्या हाती दिलं: टोपी एक, पांढरी, खळ घातलेली. वही नाही. पत्र नाही.