केशरी गाडी आणि शाबूत डोकं

मी, खाली सही करणार, वय सत्तर, मूळचा शिंपी, आता गणवेशाच्या कारखान्याचा मालक, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, शाबूत डोक्याने लिहून ठेवत आहे. डोक्याबद्दल आमच्या चिरंजीवांना शंका आहे. मी केशरी स्पोर्ट्स कार घेतली त्याच दिवशी तो वकिलांना म्हणाला, "बाबांना म्हातारचळ लागलाय. ह्यांची सही आता चालेल का?" तेव्हा हे कागद टिकायचे तर आधी गाडीचा खुलासा करणं भाग आहे.

कलम १. राहतं घर आणि कारखाना चिरंजीवांस. मोठी कात्री कारखान्यातल्या कटिंग मास्तरांस. तिने कोणी कागद कापला तर खबरदार, मी मेलेलो असलो तरी.

कलम २. राखाडी गाडी. हीसुद्धा स्पोर्ट्स कारच, केशरीहून महाग. पण ते बघून कळत नाही, आणि म्हणूनच मी ती निवडली होती. जन्मभर मी सुटाला अस्तर रेशमी लावलं आणि बाहेरून कापड साधं ठेवलं. ज्याला कळायचं त्याला कळतं. मेहुण्याच्या भडक पिवळ्या गाडीला मी 'सर्कस' म्हणायचो, तो मला 'राखाडी दाजी' म्हणायचा. माझ्या गाडीच्या काचा काळसर, आवाज बेताचा, कोणी वळूनही बघायचं नाही.

गेल्या वर्षी पुलाखालच्या सिग्नलला ह्याच गाडीत छातीवर गरम इस्त्री ठेवल्यासारखं झालं. हात उचलवेना. फोन मागच्या सीटवर, कोटाच्या खिशात. सिग्नल हिरवा झाला आणि मागून हॉर्न सुरू झाले. एक जण टपावर थाप मारून "झोपलास का रे!" ओरडला आणि बाजूने निघून गेला. आत कोणीही डोकावलं नाही. मला सगळे दिसत होते, मी कोणालाच दिसत नव्हतो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. कळ ओसरल्यावर मीच रखडत दवाखाना गाठला आणि घरी आल्यावर "पित्त झालं होतं" म्हणून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, झटका होता, पुन्हा येऊ शकतो. पुढे त्यांनी गाडी चालवायची परवानगी दिली. भीतीवर मात्र गोळी दिली नाही.

ही गाडी विकून टाकावी. चिरंजीव, तुला ती आवडते, मला माहीत आहे. पण त्या काळ्या काचांमागे तू एकटा, हा विचारच मला सहन होत नाही. तुला ती मिळणार नाही. वाटेल तेवढं चिडून घे.

कलम ३. केशरी गाडी. शोरूममधली मुलगी म्हणाली, "काका, हिच्यात बसलात ना, की सगळे तुमच्याकडेच बघणार." मी म्हटलं, "लेखी देतेस?" आता प्रत्येक सिग्नलला स्कूटरवाले वाकून बघतात, पोरं काचेला नाक लावतात, "आजोबा, एक फोटो!" मला अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं. पण काच खाली करतो. मरणाला मी भितोच, खोटं कशाला बोलू? त्याहून भितो ते भर गर्दीत एकट्याने मरायला. बाळा, हा म्हातारचळ नाही रे. मी टरकलोय. सांगितलं असतं तर तू किल्ली काढून घेतली असतीस, म्हणून बोललो नाही.

ही गाडी माझ्या थोरल्या ताईस. ती कोपऱ्यावरच्या घरात एकटी असते. विचारलं तर म्हणाली, "अरे, मला सायकल येत नाही, गाडी कुठून चालवू?" चालवायची नाहीच. फाटकाबाहेर उभी करावी आणि ताईने सकाळी दार उघडून तिच्यात बसावं. लोक आपोआप येतील.

कलम ४. मेहुण्यास माझा राखाडी सूट. पोटावर बसणार नाही, मला कल्पना आहे.

साक्षीदारांना कायद्याने काही देता येत नाही. चहा सांगितला आहे.

ठिकाण: कारखान्याचा माळा, कापड बेतायचं टेबल
दिनांक: ९ जून २०२६
(सही) शिंपी

वरील सही लिहून देणाऱ्याने आम्हां दोघांसमक्ष केली. डोकं ठिकाणावर होतं. सही करताना ते म्हणाले, "पेन खाली ठेवेपर्यंत माझ्याकडे बघा हं, नजर काढू नका." आम्ही बघत राहिलो.

साक्षीदार:
१. (सही) दंतवैद्य, तळमजला
२. (सही) विजेच्या सामानाच्या दुकानाची मालकीण, शेजारचा गाळा