दादाचे बूट बाबांच्या पायात

आई,

तू देवपूजेला बसली होतीस म्हणून लिहून ठेवतेय. दादाचे तंबूत घालायचे, पिसं भरलेले बूट शोधू नकोस. ते मी बाबांच्या पायात घातलेत. कोलकात्यात बर्फातले बूट बघून शेजारच्या काकीमा हसतील. हसू देत.

काल डॉक्टर तुझ्यासमोरच म्हणाले ना, मधुमेहानं बाबांच्या पायांना काही जाणवत नाही, गरम पाण्याची पिशवी बंद करा, नुसते पाय उबदार ठेवा. त्या पिशवीनं टाचेला एवढा फोड आला, तरी त्यांना कळलं नव्हतं. आणि आज उठल्याउठल्या तू तीच पिशवी दादाच्या रिकाम्या बुटांत ठेवलीस. तीन वर्षं ठेवतेयस. सिक्कीमच्या ट्रेकहून त्याची सॅक आली, तो आला नाही. या घरात हे कुणी बोलत नाही, म्हणून लिहितेय.

मोज्यांचंही तेच. दर थंडीत नवा जोड विणतेस, तो दादाच्या मापाचा. बाबांना तो सैल होतो, त्याची घडी पडते आणि फोडाला घासते. आज त्यांचं माप घे. समोर बसून, पाय मांडीवर घेऊन घे.

मी सेक्टर फाइव्हला ऑफिसला निघालेय, सातपर्यंत येईन. दुपारी पॅसेजमध्ये त्या बुटांची सळसळ ऐकू आली तर धावू नकोस. बूट मीच बाबांना घातले होते, तरी सकाळी मी स्वयंपाकघरातून धावले. "दादा" अशी हाकही मारली.

बाबांनी ओ दिली.

मृणाल