खुळखुळणारी खोकी

४ फेब्रुवारी

मुकादमाचं आज डोकं फिरलेलं. माल येऊन पडलाय आणि तुमचे हात गोगलगायीसारखे चालतात, म्हणे. महिनाअखेरीला जे टेबल मागे राहील त्यावरची एक बाई कमी. आमचंच मागे आहे — आणि कुणामुळे, ते अख्ख्या गोदामाला दिसतं. वन्संमुळे!

मी काचेच्या बरण्या कागदात गुंडाळते, मध्ये पुठ्ठे घालून खोक्यात बसवते, मग खोकं कानाशी धरून हलवते. खुळखुळलं की समजायचं, आत जागा राहिलीय, वाटेत काच फुटणार. खोलून पुन्हा भरायचं. माझं खोकं हल्ली खुळखुळतच नाही, इतका हात बसलाय. पुढे वन्संनी फक्त चिकटपट्टी लावायची. तेवढ्याला केवढा वेळ! माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात, खोकं कवेत घेऊन काय करतात देव जाणे. नवऱ्याची थोरली बहीण. बोलायची सोय नाही.

९ फेब्रुवारी

टीव्हीवरून घरात वाजलं. लेक म्हणते, एवढ्या आवाजाने शेजारी भांडायला येतील. मी म्हटलं, तुम्ही सगळे तोंडात गुळणी धरल्यासारखे बोलता, निदान टीव्ही तरी नीट ऐकू द्या. नवरा काहीतरी पुटपुटला आणि दोघं हसले. हसा!

१३ फेब्रुवारी

बोलायचं नव्हतं. बोलले.

मुकादमाने विचारलं, उशीर कुणाकडून होतो? मी आधी नुसतं वन्संकडे बघितलं. तो म्हणाला, तोंडाने सांग. मग सांगितलं. वन्सं समोरच होत्या. हातातली पट्टी नीट कापली, खोक्यावर दाबून बसवली. त्यांच्या घरात दुसरं कुणी कमावतं नाही, हे मला ठाऊक आहे. ठाऊक असून सांगितलं. पण मग मी काय, माझी जागा घालवू?

जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी

वन्संना झाडलोटीवर घातलं. तीही महिना संपेपर्यंतच. माझ्याकडे दिली ती एक्सप्रेस — सगळे तिला हेच म्हणतात. पट्टी फर्रकन ओढते, लावते, पुढचं दे म्हणून हात नाचवते. आज आमचं टेबल पहिलं!

वन्सं झाडू घेऊन जवळून गेल्या. मी खोक्यात डोकं घातलं.

२४ फेब्रुवारी

फुटलेला माल परत आलाय. सगळा आमच्या टेबलाचा.

मुकादमाने माझं आत्ताच भरलेलं, पट्टी लावलेलं खोकं उचललं आणि सगळ्यांसमोर हलवलं. बायकांनी एकदम माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, कुठे वाजतंय? कुणी हसलं नाही. त्याने खोकं माझ्या कानाशी आणून हलवलं, जोरात. मी खोक्याला हात लावला, आत बरण्या आदळताना हाताला कळत होत्या. कानाला काही नाही. काहीच नाही! एक्सप्रेसचे ओठ हलताना दिसले.

भीती वाटली. अजून वाटतेय. आणि एक्सप्रेस यायच्या आधी माझा माल कधी परत येत नव्हता, तो का, हा विचार काही डोक्यातून जात नाही.

२५ फेब्रुवारी

सुट्टी होती. वन्संकडे गेले. दारातच विचारलं, पट्टी लावायला तुम्हाला वेळ का लागायचा?

त्यांनी मला आत घेतलं, उजेडात समोर बसवलं आणि सावकाश, मोठ्याने बोलल्या. "तू ठेवलेलं खोकं मी परत हलवायचे. वाजलं तर खोलून कागद कोंबायचे."

कधीपासून? तर वर्ष होत आलं.

"मग मला बोलला का नाहीत?"

"तुझं टेबल गेलं असतं गं."

आणि मी त्यांचं घालवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यासमोर रडले, तोंडावर पदर न घेता. त्या चहा टाकायला उठल्या.

२६ फेब्रुवारी

मुकादमाला स्वतः जाऊन सांगितलं — मला ऐकू येत नाही, टेबल वन्संना द्या. त्याने त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि टेबलाकडे बोट दाखवलं. मग माझ्याकडे वळून बराच वेळ काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.