डावं पुढचं चाक

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ९.
यंदा विंटरची चाकं मी स्वतः बसवणार. दरवर्षी दुकानात दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मशीनची कॉफी प्यायची, ही काय इंजिनिअरची अवस्था? इथे नोव्हाय शहरात अकरा वर्षं ऑटो इंडस्ट्रीत आहे. (सीट गरम करायचं सॉफ्टवेअर. पण गाडी ती गाडी.) रुचाने विचारलं, चाकांतल्या सेन्सर्सचं काय? म्हटलं, प्रेशर मोजणं त्यांचं काम, चाक बदलणं माझं. बायको आत निघून गेली. विश्वास आहे तिचा.

दुपारी ४.
झालं! बेसमेंटमधून रिमसकट चारही चाकं वर आणली, साबणाने धुतली. दुकानवाल्यांनी गेल्या एप्रिलमध्ये त्यांच्यावर खडूने 'एलएफ', 'आरआर' असं काहीबाही गिरवलं होतं. सगळं घासून काढलं. जॅक एकदाच घसरला. बसवल्यावर चक्कर मारली, तर स्क्रीनवर चारही प्रेशर आपोआप हजर. 'चाकं बदलली की गाडीला रीलर्न करायला लावावं लागतं' असं दुकानातली बाई म्हणायची. गिऱ्हाईकाला बसवून ठेवायच्या युक्त्या.
प्रसादला फोन केला. माझ्या शेजारच्या क्युबिकलमध्ये बसतो, जवळचा मित्र. म्हटलं, पुढच्या शनिवारी तुझीही बदलून देतो. 'बघू यार' म्हणाला. भारावला असावा.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
ऑफिसच्या पार्किंगमध्ये प्रसादच्या गाडीला विंटर टायर्स! परस्पर दुकानात जाऊन आला. 'तुझा वीकेंड वाया जायला नको म्हणून' म्हणे. लंचला वेगळ्या टेबलावर बसलो.

२२ नोव्हेंबर, शनिवार.
कडाक्याची थंडी. प्रेशरचा पिवळा दिवा लागला. स्क्रीन म्हणते डावं पुढचं चाक २८, बाकी ३५. कॉम्प्रेसर लावून भरपूर हवा भरली. चक्कर मारून आलो. डावं पुढचं अजूनही २८. उलट ज्याला हात लावला नाही ते उजवं मागचं ४१! म्हणून त्यातली थोडी सोडली. पुन्हा चक्कर. आता डावं पुढचं २४. म्हणजे भरतोय तेच उतरतंय. गाडी हट्टी आहे. मी जास्त हट्टी आहे. पुन्हा भरली.

२९ नोव्हेंबर, शनिवार.
रुचाने प्रेशर मोजायची पेनासारखी नळी आणून दिली. एकदा हाताने मोजून बघ ना, म्हणाली. चार सेन्सर्सच्या गाडीत नळी! उद्या ताप बघायला कपाळावर हात ठेवायला सांगेल. ड्रॉवरमध्ये टाकली.
डावं पुढचं, पुन्हा भरली. उजवं मागचं, पुन्हा सोडली. दर शनिवारी हे करायचं ठरवलंय. शिस्त.

३ डिसेंबर, बुधवार.
दिवा जात नाही. सेन्सर बिघडलाय, माझं निदान पक्कं. जो रोज खोटं बोलतो त्याच्याकडे बघायचंच कशाला? दिव्यावर काळी टेप लावली. रुचाचं लक्ष विचलित व्हायला नको.

५ डिसेंबर, शुक्रवार. रात्री ८.
दोघी सुखरूप आहेत. हे आधी लिहितो.
रुचा लेकीला, आन्याला, व्हॉलीबॉलवरून आणत होती. बर्फ पडत होता. हायवेवर मागचं टायर पार बसलं, गाडी आडवी घसरत रस्त्याकडेच्या शोल्डरवर जाऊन थांबली. मला साडेसातला कळलं, दोघी प्रसादच्या गाडीतून उतरल्या तेव्हा.
रुचाने फोन त्याला केला होता. मला नाही.
का, असं विचारलं. ती कोट काढता काढता म्हणाली, 'तू आधी टायर गेलंच नाहीये हे समजावलं असतंस.' आन्या म्हणाली, 'बाबा, यू टेप्ड ओव्हर द वॉर्निंग.' मग खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.
चहा केला. फक्त प्रसाद प्यायला.
गेलं ते उजवं मागचं. ज्यात हवा जास्त आहे असं स्क्रीन सांगत होती, तेच.

६ डिसेंबर, शनिवार.
दुकान. तीच प्लास्टिकची खुर्ची. डेबी नावाच्या मेकॅनिक बाईंनी समजावलं. प्रत्येक सेन्सर फक्त आपला नंबर आणि प्रेशर कळवतो. कुठला नंबर कुठे बसलाय हे गाडी गेल्या वर्षीच्या आठवणीवर सांगते. खडूच्या खुणा ('एलएफ' म्हणजे डावं पुढचं, 'आरआर' म्हणजे उजवं मागचं) मी घासून काढल्या होत्या आणि नेमकी तीच दोन चाकं एकमेकांच्या जागी लावली होती. मागच्या चाकात खिळा होता, त्याची हवा कमी होत होती, आणि गाडी पुढच्याचं नाव घेत होती. मी पुढच्यात भरत राहिलो आणि खिळेवाल्यातली उरलीसुरली सोडत राहिलो.
म्हटलं, म्हणजे गाडीने फसवलं. डेबी म्हणाल्या, 'जागा चुकली तिची. हवा कमी आहे हे खरंच सांगत होती. हाताने एकदाही मोजली नाहीत?' रुचा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.
प्रसादने दगा दिला, गाडीने दिला, रुचाने फोन दुसऱ्याला केला. घरी येऊन टेप काढली. नीट निघाली नाही. खरवडून काढली.

११ एप्रिल, शनिवार.
आज उन्हाळ्याची चाकं. आन्या आणि रुचा गेले चार शनिवार 'लायब्ररीत' जात होत्या. प्रत्यक्षात डेबीच्या क्लासला. मला आज कळलं, ड्राइव्हवेमध्ये, दोघींनी हातमोजे घातल्यावर.
चाकं त्यांनी बदलली. मग रीलर्न. एकेका चाकापाशी छोटं यंत्र धरायचं, सेन्सरची जागा गाडीला कळली की हॉर्न वाजतो, मग पुढचं चाक. मी विचारलं, माझं काम? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. रुचा म्हणाली, 'तू आत बस. हॉर्न वाजला की हात वर कर.'
महत्त्वाचं काम. काचा बंद करून, एकाग्र होऊन बसलो. चारही वेळा बरोबर हात वर केला. एकदाही चुकलो नाही. आन्याने अंगठा दाखवला. चार महिन्यांनी.
जेवताना लक्षात आलं. हॉर्न बाहेरच्यांना जास्त जोरात ऐकू येतो.