बाजऱ्याची बोली

जळगाव,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८५८

तीर्थस्वरूप नाना यांच्या चरणी धाकट्या कुंदाचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण दिवाळीनंतर तुमचं पत्र नाही, आणि काही बरंवाईट असतं तर जामनेरहून येणारा पहिला माणूस पाय धुवायच्या आधी तेच सांगत बसला असता. तुमचा गुडघा कसा आहे? शेवंतावहिनींचा खोकला गेला का? ओवा भाजून पुरचुंडी करून छातीला शेकायला सांगा (शेकणार नाहीत, तरी मी लिहिलं होतं हे त्यांच्या कानावर घाला). नव्या बागेतली केळी निसवली का? आमच्या सासूबाईंची तब्येत उत्तम आहे. इतकी की त्यांची चौकशी करणाऱ्यालाच पुढे धाप लागते.

तुम्ही मागच्या पत्रात विचारलं होतं की चंपा बोलायला लागली का. त्याचं उत्तर मी मुद्दामच दिलं नव्हतं. साडेतीन वर्षांची पोर, आणि तोंडातून एक शब्द नाही. ऐकायला येत नाही म्हणावं, तर मी आत गुळाची ढेप फोडली की ती अंगणातून धावत येते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात चमचा घालून पाहिला (तो तिनं चावला) आणि दोष काही नाही, बोलेल म्हणाले. कधी बोलेल हे विचारलं तर चमचा पुसत बसले. गल्लीतल्या बाया तिच्या देखत तिला मुकी म्हणू लागल्या होत्या. नाना, कणीक मळता मळता माझे डोळे भरून यायचे, आणि समोर कांदा नसल्यामुळे सबबही सांगता यायची नाही.

तेव्हा सासूबाईंनी उपाय काढला की पोपट पाळा. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की पोराची जीभ सुटते, असं त्यांच्या माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. तुमच्या मेहुण्यांनी बाजारातून पिंजऱ्यासकट पोपट आणला. चंपानं उष्टे पेरू इतके खाल्ले की तिचं पोट बिघडलं आणि पोपट उपाशी राहू लागला. बोललं दोघांपैकी कुणीच नाही. मात्र आमच्या मागच्या भिंतीला लागून कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचं आवार आहे, आणि दुपारची सुट्टी संपली की तिथला मुकादम शिटी वाजवतो. पोपट एवढी एकच विद्या शिकला. एके दिवशी सुट्टी नुकती सुरू झालेली असताना त्यानं शिटी दिली. शेजारची तानुबाई जिनात सरकीवर काम करते. ती बिचारी तव्यावर भाकरी टाकून तशीच धावली, तिच्यामागे गल्लीतल्या सगळ्या बाया धावल्या, आणि तंबाखू मळत बसलेला मुकादम एवढ्या बाया अंगावर येताना पाहून उठून उभा राहिला. तानुबाई परत आली तोवर भाकरीचा कोळसा झाला होता. ती आमच्या दारात उभी राहून पोपटाला आणि ओघानं आम्हालाही जे काही बोलली, ते मी लिहीत नाही. त्या दिवसापासून आमच्याशी तिचा अबोला. पुढे आमच्या सुपडूनं (सात वर्षांचा आहे, पण प्रयोग मोठ्या माणसाचे करतो) कबुतर परत येतं तर पोपट का नाही, हे पाहण्यासाठी पिंजरा उघडला. पोपट जिनच्या निंबावर जाऊन बसला आणि अजून तिथूनच शिट्या देतो. आता ती जबाबदारी आमची नाही.

मग यांनी आपलं म्हणणं मांडलं. हे जिनात वजनकाट्यावर कारकून असल्यामुळे सगळ्याच गोष्टी तोलून बोलतात. यांचं म्हणणं असं, की पोरीला बोलायची गरजच पडत नाही. ती बोट दाखवते आणि आपण वस्तू हातात देतो. तर खुणा न समजणारं एखादं जनावर घरात आणावं, म्हणजे तिला बोलावंच लागेल. मला हे पटलं. म्हणून करडू आणलं. पण नाना, करडाला खुणा माणसापेक्षा चांगल्या कळतात! चंपानं बोट हलवलं की ते उठे, मान हलवली की बसे. आता घरात दोन मुकी झाली आणि दोघांचं अगदी सख्य जमलं. करडानं यांच्या टोपीची कड खाल्ली ते चालून गेलं. सासूबाईंची तुळस मंजिऱ्यांसकट खाल्ली, तेव्हा त्यांनी उपास धरला आणि करडू यांच्या एका मित्राच्या मळ्यात गेलं.

पौषात हे जिनच्या कामासाठी शिंदखेड्याला गेले होते. येताना दोरीला बांधलेलं एक अर्धवट वाढलेलं कुत्रं घेऊन उतरले. तिकडे लोटन नावाच्या ठेलारी मेंढपाळाच्या कळपात ते मेंढरांमागे धावत होतं. देताना लोटन एवढंच म्हणाला, “त्याले पोरेसनी माया शे, दादा. बांधी ठेवू नका.” रंग बाजरीच्या पिठासारखा, एक कान उभा, एक पडलेला. सुपडूनं त्याचं नाव फौजदार ठेवलं, पण खरे फौजदार दोन गल्ल्यांपलीकडे राहतात आणि रोज सायकलवरून इकडूनच जातात. सासूबाई दारात उभ्या राहून “फौजदारा, हाड!” म्हणाल्या तेव्हा यांचा चेहरा उतरला. मग बाजऱ्या हे नाव ठरलं.

घरात लहान पोरं, त्यामुळे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. चंपाला जवळ जाऊ देण्याआधी मी स्वतःच त्याची परीक्षा घेतली. शेपूट ओढली, कान पिरगाळले, तो भाकरी खात असताना थाळीत हात घातला. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही लहानपणी माझ्याकडे पाहायचात, म्हणजे राग नाही, नुसतं आश्चर्य. तरी मी पोरांना ताकीद दिली, की तो खाताना जवळ जायचं नाही, झोपला की उठवायचं नाही, पाठीवर बसायचं नाही. (कुत्र्याआधी पोरांनाच शिकवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.) चंपानं सगळं ऐकून मान हलवली आणि त्याच्या उभ्या कानात बोट घातलं. त्यानं फक्त डोळे मिटले.

आता शिकवणं. यांचं मत असं, की साहेबांची कुत्री हुकूम ऐकतात ते इंग्रजीमुळे. म्हणून हे रोज कामावर जाण्याआधी छाती पुढे काढून “सिट! कम!” म्हणत. बाजऱ्या जांभई देई. मग मराठी झालं, हिंदुस्तानी झाली, सुपडूनं पाढेसुद्धा म्हणून पाहिले. तो बहिरा आहे असं ठरायच्या बेतात होतं, आणि तेवढ्यात मला एक गंमत दिसली. मधल्या भिंतीपलीकडून तानुबाई आपल्या पोराला हाक मारी, “आठे ये रे!”, की बाजऱ्या ताडकन उठून भिंतीशी जाई. ती “बस खाले” म्हणे, की हा इकडे खाली बसे. मी चार दिवस गुपचूप लक्ष ठेवलं. मग सगळे बाहेर गेलेले पाहून मीही हळूच म्हटलं, “आठे ये.” नाना, तो आला आणि माझ्या पायावर हनुवटी ठेवून बसला! जणू इतके दिवस परक्या मुलखात राहून त्याला आज गावाकडचं माणूस भेटलं होतं. त्याला आपलं बोलणं येतच नव्हतं हो. तो अहिराणी होता.

पण माझ्याजवळ त्याच्या बोलीचे शब्द दोनच. बाकीचे होते भिंतीपलीकडे, आणि तिथे अबोला. शेवटी केळांची एक फणी घेऊन गेले. तानुबाईनं आधी फणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुत्र्याची अडचण सांगितली तेव्हा ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. “त्याले तुमनी भाषा कोठे येस, बाई! तो आमनाकडला शे!” त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत आमची शाळा भरू लागली. तानुबाई एक शब्द सांगे, मी तो तीनदा घोकी, सुपडू चारदा, आणि बाजऱ्या आमची चूक झाली की नुसता बघत राही. चंपा त्याच्या पाठीशी टेकून गप्प बसलेली असे. सासूबाई आतून म्हणत, “घरची पोर बोलत नाही आणि सून कुत्र्याची भाषा शिकते.” मला ते लागायचं, पण शाळा मी सोडली नाही.

माघात जिनकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, तुम्हाला माहीतच आहे. एका सकाळी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते, चंपा शेजारी. बाजऱ्या कसला तरी वास घेत रस्त्याच्या मध्ये गेला. तिकडून भरलेली गाडी येत होती, आणि गाडीवान कापसावर आडवा पडून झोपलेला. बैल आपल्या पायानं चालले होते. बैल शेजारून पुढे गेले तरी बाजऱ्या नाक जमिनीला लावून होता आणि चाक त्याच्या अगदी मागे आलं होतं. मी घाबरून उठले, ओरडले, आणि घाबरल्यावर माणसाला शिकलेलं काही आठवत नाही. मी आपलं शुद्ध मराठीत ओरडले, “अरे इकडे ये, इकडे!” त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, अदबीनं, आणि तिथेच उभा राहिला.

आणि माझ्या कानाशेजारी कुणीतरी गर्जलं, “आठे ये!”

बाजऱ्या उडी मारून ओट्यावर आला. चाक त्याच्या शेपटीच्या जागेवरून गेलं. मला ना गाडी दिसली ना कुत्रं. मी चंपाकडे बघत होते. तिनं बाजऱ्याचा पडलेला कान धरला, दुसरा हात कमरेवर ठेवला, हुबेहूब तानुबाईसारखा, आणि सुरू झाली, “तुले कितला येळा सांगं? येडा शे का रे तू? बस खाले!” तो बसला. मीही बसले, तांदळाच्या सुपातच. सासूबाई धावत बाहेर आल्या, आकाशाकडे पाहून हात जोडले, डोळे पुसले, आणि मग म्हणाल्या, “बोलली ग बाई. पण ही कुणाची बोली?” भिंतीवरून तानुबाईचा आवाज आला, “मन्ही शे, आजी!” ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. माझंही मला कळत नव्हतं.

तेव्हापासून चंपा थांबलेली नाही. मात्र बोलणं म्हणजे हुकूम सोडणं, अशी तिची समजूत झालेली दिसते. संध्याकाळी हे जिनमधून आले, तिनं “बस खाले” म्हटलं, आणि हे टोपीसकट उंबऱ्यावर बसले. बराच वेळ उठले नाहीत. सासूबाईंना “आठे ये” म्हणते तेव्हा त्या आधी नाक मुरडतात आणि मग जातात. साडेतीन वर्षं इतकं सगळं आत ठेवून ही पोर कशाची वाट पाहत होती, याचा मी रोज विचार करते. सासूबाई म्हणतात, पेरवांचा गुण उशिरा आला. हे म्हणतात, कुत्र्याला खुणा कळत नव्हत्या म्हणून तिला बोलावं लागलं, म्हणजे यांचंच खरं ठरलं. मला वाटतं, आपण मोठी माणसं पोरांशी भराभरा बोलतो. त्या दुपारी मी स्वतःच शिकत होते म्हणून एकेक शब्द सावकाश, चुकत चुकत म्हणत होते, आणि तिला कदाचित पहिल्यांदाच वाटलं असेल, की आईलाही येत नाही, तर मग आपण चुकलो तरी चालतं. तुम्हाला काय वाटतं ते जरूर कळवा.

वहिनींना नमस्कार, पोरांना माझ्याकडून एकेक पापा. तुमची धाकटी बहीण,

कुंदा

ता. क. १ : आखाजीच्या सणाला मी माहेरी येणार हे ठरलेलंच आहे. सुपडू आणि चंपा बरोबर असतील. चंपा बाजऱ्याशिवाय पाऊल उचलायला तयार नाही, तेव्हा तोही येईल. वहिनींना कुत्रं आवडत नाही हे मला ठाऊक आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी आपल्या दारात निजलेल्या कुत्र्यावर त्यांनी हंडाभर पाणी ओतलं होतं, आणि ते कुत्रं नसून उन्हात वाळत घातलेली तुमची घोंगडी निघाली होती. तरी वरची सगळी हकीकत त्यांना वाचून दाखवा, गाडीच्या चाकाची तर दोनदा, आणि मगच हे सांगा. एवढं लांब पत्र मी त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २ : पत्र पाकिटात घालत होते, तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, बाजऱ्याला कशाला नेतेस? दुपारी त्याला कण्या आणि ताक कोण घालणार? (हे ताक रोज कुठे जातं, याचा मला आजवर पत्ता नव्हता.) तिथे त्याचे हाल होतील, कुणाचं त्याच्याकडे लक्ष राहणार नाही, असं बराच वेळ बोलून झाल्यावर त्यांनी आपलं गाठोडं बांधायला घेतलं आहे. त्या अख्खा महिना राहणार म्हणतात. तेव्हा नाना, वहिनींना आज फक्त कुत्र्याचं सांगा. त्या ते सोसून दोन दिवस नीट जेवल्या, की मग सासूबाईंचं.