बाप झाल्याची पगारवाढ

५ जाने., सोमवार
बाळंतपणानंतर आज पहिल्यांदा हॉटेलवर गेले. काउंटरच्या माझ्या खुर्चीवर संतोष. माझाच नवरा! शेठ म्हणाले, "लेकुरवाळी तू, गर्दीची दगदग नको तुला. वर चादरी-टॉवेलचं बघ." पगारही कमी. संतोषला मात्र वाढ. का, तर बाप झाला, जबाबदारी वाढली. इथली रीतच ही. पोराचं लग्न झालं, वाढ. मूल झालं, वाढ. पोरीचं लग्न झालं की हातात नारळ; काउंटर येतं म्हणून मी तेवढी टिकले. चिऊ काय एकट्या संतोषला झाली?
काउंटरचं काम त्याला मीच शिकवलं. चुलीत गेलं ते शिकवणं.

८ जाने., गुरुवार
संतोष म्हणे, "एकाच घरात येतंय ना? कशाला जीव जाळते?" म्हटलं, मग वाढ माझ्या नावावर घे. त्यानं ताट पुढं ओढलं. सासूबाई म्हणाल्या, "गडीमानसाला जास्तच पायजे. न्हाईतर बरं दिसत न्हाई."
सोडणार नाही. शेठलाही आणि ह्यालाही.

२१ जाने., बुधवार
सासूबाई सोनईला लेकीकडं गेल्या. उद्या चिऊपाशी मीच थांबणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. रजा टाकली की शेठ म्हणायला मोकळे, लेकुरवाळ्या बायांचं हे असंच. नाही टाकणार.

२२ जाने., गुरुवार
शिर्डीतला गुरुवार, काउंटरपुढं ही रांग. चिऊला संतोषच्या मांडीवर ठेवली, शेजारी दुधाची बाटली, लंगोट. म्हटलं, "जबाबदारी वाढली ना तुझी? ही घे." आणि सरळ वर गेले.
थोड्या वेळात पठ्ठ्यानं एकच खोली दोन कुटुंबांना दिली. खाली आरडाओरडा. शेठनी बोलावलं. "पोरगी उचल आणि बस काउंटरवर." म्हटलं, बसते, पण ह्याची वाढ मला द्या. चिऊ रडत होती, ब्लाउज दुधानं भिजला, जीव तुटत होता. तरी हात पुढं केला नाही. संतोषचं तोंड बघून लई बरं वाटलं.
शेवटी तोच तिला घेऊन बाहेर गेला. शेठ म्हणाले, "उद्या दोघंही येऊ नका. शनिवारी बघतो."

२३ जाने., शुक्रवार
संतोष आत्ता म्हणतो, "माफी माग. दोघांचंही काम जाईल." जाईलही. भीती मलाही वाटते, नाही असं नाही.
चिऊची बाटली-लंगोटाची पिशवी भरली आणि उद्यासाठी त्याच्या गाडीला अडकवून आले.